बापाचं दुखणं आणि सातबारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



या मांडवात असं घर विरळाच, ज्याचा एक तरी पोरगा पुण्याला, सुरतेला नाहीतर मुंबईला नाही. आम्ही दोघे भाऊ चाकणला कंत्राटी कामाला होतो. वडिलांना लकवा मारला आणि बिऱ्हाड उचलून आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी परत आलो. लोकांनी पाठ थोपटली, पोरं असावीत तर अशी! पण पोरं परत आल्यावर घरात चूल कशावर पेटते, हे कोणी विचारलं नाही.

आमच्या कोरडवाहू शेताचा हिशेब असा होता. चाकणहून महिन्याला पैसे यायचे, त्यातून बियाणं, खत, फवारणी व्हायची. गावाला वाटायचं, वावर घर पोसतंय. खरं म्हणजे कारखान्याचा पगार वावराला पोसत होता. आम्ही आलो त्या दिवशी तो पगार बंद झाला आणि दवाखान्याचा खर्च सुरू झाला. दिवाळीनंतर धाकट्याला परत जावं लागलं. न जाऊन करतो काय?

दुखण्याबद्दल एक गोष्ट आधी सांगतो. लकव्यात पहिले साडेचार तास मोलाचे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्याच वेळात देतात, तेही सीटी स्कॅन काढून, रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी पोचायलाच वेळ जातो, त्यात कोणी म्हणतं तेल चोळा, कोणी म्हणतं अमक्या गावच्या औषधवाल्याकडे न्या. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी एकाएकी दिसलं तरी 108 ला फोन लावा. तेल नंतरही चोळता येतं.

आता सातबाऱ्याकडे येतो. बाबांचा उजवा हात गेला, म्हणजे सहीचा हात गेला. शेत त्यांच्या नावावर, पीककर्ज त्यांच्या नावावर, विकलेल्या कापसाचे पैसे त्यांच्या खात्यात. कर्जाचं नवं-जुनं करायची वेळ आली, तर बँकेत म्हणाले, सही जुळत नाही, माणूस समोर आणा. ऑटोत घालून नेला. डाव्या हाताची सही चालत नाही म्हणून परत पाठवला! मुदतीत कर्ज भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याजात 3 टक्के सूट मिळते, ती मुदत तिकडे चालली होती. बाबांच्या खात्यात बाबांचेच पैसे, आणि बाबांच्या गोळ्यांसाठी आम्ही हातउसने मागत फिरत होतो.

नियम तसा नाही, भावांनो. रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगून ठेवलं आहे की आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर हाताचा अंगठा, तोही नसेल तर पायाचा अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. माणूस बँकेत येऊ शकत नसला तरी हे करता येतं. आम्ही तसा लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तेव्हा साहेब घरी आले.

बाबांना बोलता येत नाही, पण समजतं सगळं. डाव्या हाताची दोन बोटं वर केली की ओळखायचं, पऱ्हाटीला दुसरा डवरा झाला का असं विचारतात. ही समज शाबूत आहे तोवरच मुखत्यारपत्राला अर्थ आहे. समज गेली की आधी दिलेलं मुखत्यारपत्रसुद्धा कायद्यानं संपतं. वाटणी करायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे हिस्सेदारांच्या संमतीनं तहसीलदाराकडे होते. हिस्सेदार म्हणजे बहिणीसुद्धा. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत हिंदू कुटुंबातल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. बाप धडधाकट असताना हा विषय काढला की घरात तोंडं फुगतात, हे आम्हाला माहीत आहे. फुगू द्या.

आणि सेवा कोण करतं? आम्ही परत आलो म्हणून नाव आमचं झालं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसरात्र मिळून बारा वेळा. त्यातल्या बहुतेक वेळा घरच्या सुनेच्या वाट्याला. ती वेचणीला जायची थांबली, तिच्या जागी किलोच्या भावानं बाई लावली. सरकार कापसाचा उत्पादन खर्च काढतं, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतं, पण फक्त पिकात राबल्याची. ज्या म्हाताऱ्यानं जन्मभर ते पीक काढलं, त्याची कूस बदलण्याची मजुरी कोणत्या रकान्यात धरायची? 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावे जमीन करून द्यायला सांगितलं होतं. आमच्या सातबाऱ्यावर आजही एका बाईचं नाव नाही. वाटणी होईल तेव्हा ते चढवायचं, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं आहे, बाबांनीही मान हलवली आहे.

अंगठ्याच्या अर्जाची नक्कल आम्ही सोबत आणली आहे. ज्यांच्या घरी असं दुखणं असेल त्यांनी जेवणानंतर मांडवाच्या डाव्या बाजूला यावं, कोरे कागद आहेत, बसून लिहून घेऊ.