घर आपले, कागद कुणाचा?



2011 च्या जनगणनेनुसार देशातील 100 पैकी सुमारे 87 कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, 11 भाड्याने. खेड्यांत मालकीचे प्रमाण जवळजवळ 95 टक्के, शहरांत 69. म्हणजे मुंबईकरांपेक्षा आपण महागावकरच सुखी म्हणायचे! आकडा खोटा नाही. पण प्रगणक विचारतो, आपण सांगतो, तो लिहितो. कागद तो मागत नाही. त्यामुळे त्याच गणनेत झोपडपट्ट्यांतील 70 टक्के कुटुंबेही घरमालक ठरली.

बँकेत आम्हाला नेमके उलटे करावे लागते. गृहस्थ म्हणतात, घर आजोबांपासून आमचेच, आणि पिशवीतून घरपट्टीच्या पावत्या काढतात. पावती कर भरल्याची असते, मालकीची नव्हे. अर्ज तिथेच अडतो. जनगणनेत मालक आणि बँकेत बेघर! 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका मिळते, ती याचसाठी मोलाची. मात्र ही योजना गावठाणातील वस्तीपुरती. गायरानावरील घरांचा प्रश्न तसाच उरतो. आणि तिथे आपली माणसे थोडीथोडकी नाहीत.

आता दाटीविषयी. 2011 मध्ये 37 टक्के कुटुंबांकडे राहण्यासाठी एकच खोली होती. सुमारे 4 टक्क्यांकडे तीही स्वतंत्र नव्हती. त्याच वेळी देशभर अडीच कोटींच्या आसपास घरे रिकामी होती. बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत 1912 ते 1934 पर्यंत राहिले. पुढे दादरला राजगृह बांधले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. सहा माणसे एका खोलीत निजतात, तिथे दहावीच्या मुलीने दिवा कुठे लावायचा, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

जनगणना कुटुंब मोजते ते चुलीवरून. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असल्या तर कुटुंबे दोन. चूल एक आणि जोडपी तीन असली तरी कुटुंब एकच. म्हणून जोडपी आणि खोल्या शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय दाटी दिसत नाही. रमाई आवास किंवा प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल मागताना आपण नुसते "घर नाही" म्हणतो. किती माणसे, किती जागेत, कुणाच्या नावावर, हे मांडत नाही. घरकुलाच्या कागदावर घरच्या बाईचे नाव यावे, हेही विसरतो.

तेव्हा आमची विद्यार्थ्यांना विनंती अशी की, रविवारच्या वंदनेनंतर दोघा-दोघांनी वस्तीत फिरावे आणि विहारातील वहीत चार रकाने भरावेत: चुली, जोडपी, खोल्या, कागदावरील नाव. पहिली ओळ आम्ही आमच्याच घराची लिहून ठेवली आहे. चूल 1, जोडपी 2, खोल्या 2. कागद वडिलांच्या नावे. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. फेरफाराचा अर्ज आमच्याकडूनच राहिला आहे.