अभियांत्रिकी प्रबंधाची कसोटी

जाडजूड ग्रंथ लिहिला कीं अभियांत्रिकीची पीएच. डी. पदरांत पडते, असा पुष्कळांचा समज असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें किमान ३ वर्षांचें काम, १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, निदान २ बाह्य परीक्षकांचे अभिप्राय व शेवटीं तोंडी परीक्षा आवश्यक आहे. २०१६ च्या नियमांतील लेख छापून आणण्याची सक्ती मात्र आयोगानें उठविली. पण म्हणून कसोटी सैल झाली असें समजूं नये. ती पुराव्याची आहे. नव्या मिश्रणाचें काँक्रीट अधिक भार पेलतें, असें म्हणणाऱ्यानें ठोकळे फोडून तें दाखवावें, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेंतहि तसेंच घडावें. ज्या घरीं कोणी प्रबंध लिहीत असेल, तेथें ‘किती पानें झालीं?’ असें न विचारतां ‘नवें काय सिद्ध झालें?’ असें विचारावें.