डास, लिची आणि उपाशी झोपलेलं मूल



शिबिरात विज्ञानावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. मी रसायनशास्त्र शिकवते. पण आज सूत्रं नकोत. शंका कशी घ्यावी, याची एक खरी गोष्ट सांगते.

बिहारमधलं मुझफ्फरपूर लिचीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे कित्येक वर्षं मे-जूनमध्ये लहान मुलांना पहाटे अचानक झटके येत, ती बेशुद्ध पडत आणि अनेक जण दगावत. लोक या आजाराला ‘चमकी बुखार’ म्हणतात. कुणाला बाधा वाटली. शिकलेल्यांना डास आठवला, आणि तेही साहजिकच होतं. शेजारच्या उत्तर प्रदेशात २००५ मध्ये जपानी मेंदूज्वराने हजाराहून अधिक बळी घेतले होते.

हा विषाणू क्युलेक्स जातीचे डास पसरवतात. भातशेतीत साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास होते. बगळे आणि डुकरं यांच्या शरीरात विषाणू वाढतो आणि डासामार्फत माणसापर्यंत येतो. म्हणजे ही साथ पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर धरते. मुझफ्फरपूरची मुलं मात्र भर उन्हाळ्यात आजारी पडत, आणि पाऊस आला की साथ ओसरे. डासांचं वेळापत्रक आजाराशी जुळत नव्हतं.

२०१४ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून तपास केला. त्या हंगामात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली होती. त्यांतली १२२ गेली. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तातली साखर फार उतरलेली होती. संशोधकांनी घरच्यांना विचारलं, मुलाने आदल्या दिवशी काय खाल्लं? बहुतेकांनी लिची खाल्ली होती, आणि अनेक जण रात्री न जेवता झोपले होते.

आता रसायनशास्त्र. आपण उपाशी झोपलो तर यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. कुपोषित मुलाचा हा साठा लवकर संपतो. मग शरीर चरबी जाळून त्या बळावर नवी साखर बनवतं. लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, असे पदार्थ असतात जे नेमकी हीच वाट अडवतात. मेंदू चालतो साखरेवर. ती मिळाली नाही की झटके येतात. पोटभर जेवलेल्या मुलाला तीच लिची सहसा बाधत नाही.

उपाय साधा होता. मुलांना रात्री जेवू घाला, लिची बेताने द्या आणि दवाखान्यात येताच साखर तपासून ग्लुकोज द्या. हे २०१७ मध्ये छापूनही आलं. तरी २०१९ मध्ये पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली. उष्णतेचाही त्यात वाटा असावा, असं काही संशोधक म्हणतात. तो शोध चालूच राहील. पण गरिबाच्या घरी रात्रीचं ताट पोचवायला कुठल्या शोधाची वाट पाहायची?

यातून मी दोन गोष्टी घेते. ‘बाधा झाली’ आणि ‘डास चावला’ ही दोन्ही उत्तरं तपासल्याशिवाय सारखीच. दुसरं उत्तर शास्त्रीय वाटतं, एवढाच फरक. आणि ‘मी कॉमर्सचा, मला विज्ञान काय कळणार’ असं कुणी म्हणू नका. मूल रात्री जेवलं होतं का, हे विचारायला पदवी लागत नाही.

आपल्या मोहल्ल्यात काम करताना हा प्रश्न आधी विचारा. आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथूनच कामाला लागा.