खिडकी उघडली तरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



एका बाजूला कऱ्हाडची धावपट्टी, दुसऱ्या बाजूला कवलापूरची ओस पडलेली. आपल्या सातारा-सांगलीच्या पोरांना विमानाचं वेड असतंच. म्हणून आज कॉम्प्युटर बाजूला ठेवते आणि विमानाच्या खिडकीबद्दल बोलते.

‘पुष्पक’ हे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. सांगाड्यावर ताणलेलं कापड, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, ९० अश्वशक्तीचं इंजिन. फ्लाइंग क्लबांतले कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. असल्या विमानात एसी कुठला! उन्हात जमिनीवर उभं असलं की आत भट्टी. वर गेलं की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होत जातं.

जुन्या छोट्या विमानांत हीटर म्हणजे बहुधा इंजिनाच्या धुराच्या नळीभोवती बसवलेलं पत्र्याचं आवरण. मधली हवा तापते, ती केबिनमध्ये येते. नळीला बारीक चीर गेली, की तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते.

खिडकी उघडायची, असं तुम्ही म्हणाल. पण बाजूच्या खिडकीबाहेर वारा जोरात वाहतो, तिथला दाब कमी होतो आणि आतली हवा बाहेर खेचली जाते. तिच्या जागी हवा येते ती मिळेल त्या फटीतून, कधी इंजिनाकडच्या भिंतीतूनसुद्धा! म्हणून आधी हीटर बंद, मग ताज्या हवेचे झरोके पूर्ण उघडे, आणि लवकरात लवकर खाली उतरायचं.

जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला याचं छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ५८ टक्के या वायूनं व्यापलेलं होतं.

आता जरा आपल्या न्हाणीघरात या. थंडीत दार-खिडकी लावून गॅस गिझर चालू, आणि भिंतीत एक्झॉस्ट फॅन. लोकांना वाटतं, फॅन आहे म्हणजे झालं. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल, तर तोच फॅन गिझरच्या नळीतला जळका वायू उलटा खोलीत ओढू शकतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला बरा.

मुलांनो, घरी गॅस गिझर असेल तर त्याची धुराची नळी कुठं उघडते ते आजच वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन बघा. पुष्पकबद्दल आणखी काही विचारायचं असेल, तर चहाच्या वेळी मी इथंच आहे.