बालमृत्यूचा आंकडा



आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांतलें एक वाक्य दरसाल वर्तमानपत्रांतून आपल्या वाचनांत येतें. २०२२ सालीं जगांत पांच वर्षांखालील ४९ लक्ष मुलें दगावलीं, अशा स्वरूपाचें तें असतें. वाचणारा क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. परंतु हीं ४९ लक्ष मुलें मोजलीं कोणीं, कोठें आणि कशीं, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आज मी बोलणार आहें तें त्या प्रश्नासंबंधीं. युनिसेफसारख्या संस्थेंत या आंकड्यांवर दिवसच्या दिवस घालविणारीं मोजकीं माणसें असतात. त्यांच्या कामाशीं माझा कांहीं वर्षें निकट संबंध आला, आणि त्या परिचयावरून चार गोष्टी आपणांस सांगाव्या एवढाच माझा हेतु आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं जगाचा हा आंकडा बव्हंशीं मोजलेला नसतो, काढलेला असतो. ज्या देशांत प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यु दप्तरांत चढतो तेथें बेरीज करण्यापलीकडे कांहीं करावें लागत नाहीं. स्वीडनमध्यें अशीं दप्तरें १७४९ पासून आहेत. परंतु जेथें मुलें अधिक मरतात तेथेंच नोंदी कमी होतात, हा या शास्त्रांतला मूळ पेंच आहे. मूल घरीं जन्मलें, आठव्या दिवशीं घरींच गेलें, आणि नोंदणीची कचेरी पंधरा कोसांवर; अशा वेळीं आधीं जन्माचा आणि मग मृत्यूचा दाखला काढावयास कोण जाणार? आपल्याकडे बारसें बाराव्या दिवशीं होतें. बारशापूर्वीं गेलेल्या मुलास नांवच नसतें, आणि ज्याला नांव नाहीं त्याची नोंद ती काय करावयाची, असें घरच्यांस वाटतें. जगांत इतरत्रहि अशाच चालीरीति आहेत. त्या ४९ लक्ष मुलांपैकीं सुमारे २३ लक्ष मुलें पहिल्या २८ दिवसांतच गेलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दप्तरांतून काय निसटत असेल याची कल्पना येईल.

दप्तर नाहीं, तर मग विचारावयाचें कोणाला? आईला. या साध्या उत्तरास शास्त्राचें रूप दिलें तें विल्यम ब्रास या स्कॉटिश गणितज्ञानें. हा गृहस्थ १९४८ पासून १९५५ पर्यंत पूर्व आफ्रिकेच्या संख्याशास्त्र खात्यांत नोकरीस होता. तेथल्या बायकांना मुलांच्या जन्माच्या तारखा विचारून उपयोग नव्हता, कारण स्वतःचें वयहि पुष्कळींना अदमासानेंच सांगतां येई. परंतु तुला मुलें किती झालीं आणि त्यांपैकीं आज किती हयात आहेत, या दोन प्रश्नांचें उत्तर देतां न येणारी आई विरळा. ब्रासनें दाखवून दिलें कीं वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांच्या एकंदर मुलांपैकीं जो हिस्सा मृत निघतो, तो थोड्याशा दुरुस्तीनें दोन वर्षांच्या आंत मरणाऱ्या मुलांचें प्रमाण दाखवितो. तीस ते चौतीस वर्षांच्या बायकांचीं उत्तरें पांच वर्षांपर्यंतचें प्रमाण सांगतात. आई जितकी वयस्क तितकीं तिचीं मुलें अधिक काळ जगाच्या धोक्यांत राहिलेलीं, एवढेंच त्यामागचें तत्त्व. ज्या देशांत एकहि विश्वसनीय दप्तर नव्हतें तेथें या दोन प्रश्नांनीं आंकडा उभा केला.

पुढें विचारण्याची रीति अधिक सविस्तर झाली. अमेरिकन सरकारच्या द्रव्यसाह्यानें १९८४ पासून ‘लोकसंख्या व आरोग्य पाहण्या’ निघाल्या, १९९५ पासून युनिसेफच्या स्वतःच्या पाहण्या सुरू झाल्या, आणि आपल्या देशांत १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी चालू आहे. तिचा कारभार मुंबईस देवनार येथें १९५६ सालीं स्थापन झालेल्या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेकडे आहे. या पाहण्यांत प्रत्येक बाईला तिच्या प्रत्येक अपत्याविषयीं अनुक्रमानें विचारतात. मुलगा कीं मुलगी, केव्हां झालें, आहे कीं नाहीं, नसेल तर कितव्या महिन्यांत गेलें. आपलें कोणतेंहि मूल गेलेलें नाहीं असें ती म्हणाली, तरी पाहणी करणारीनें तेथें थांबावयाचें नसतें. जन्मल्यावर रडलेलें किंवा जिवंतपणाचें कांहीं लक्षण दाखविलेलें, पण पुढें न जगलेलें, असें एखादें मूल होतें का, हें निराळें विचारावें असा छापील नियम आहे. हा नियम ज्यानें कोणीं घातला त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. कारण तासाभरानेंच गेलेल्या मुलाला पुष्कळ आया मेलेलेंच जन्मलें असें म्हणतात. फसवावें असा त्यांचा हेतु नसतो, घरांत तसेंच म्हणण्याची रीत पडलेली असते.

उत्तरांत ज्या चुका शिरतात त्यांची ओळख करून घेण्यांतच या लोकांचा निम्मा वेळ जातो. दहाव्या महिन्यांत गेलेलें मूल आणि चौदाव्या महिन्यांत गेलेलें मूल, दोन्हीं वर्षाचें होऊन गेलें म्हणून सांगितलीं जातात. त्यामुळें कोष्टकांत बाराव्या महिन्यावर मृत्यूंचा ढीग दिसतो, आणि पहिल्या वर्षाच्या आंतील प्रमाण असावें त्याहून कमी भरतें. पांच वर्षांखालील प्रमाण घेतलें तर मात्र या ढिगाची बाधा होत नाहीं. तें प्रमाण आंतरराष्ट्रीय व्यवहारांत रूढ होण्यास हेंहि एक कारण आहे. दुसरी चूक विचारणाऱ्यांची. गेल्या पांच वर्षांत जन्मलेल्या मुलांविषयीं लस, आहार, आजार यांचे पुष्कळ प्रश्न विचारावयाचे असतात, आणि उन्हांत दिवसभर हिंडलेल्या माणसास तें मूल सहा वर्षांपूर्वींचें लिहिलें तर पानेंच्या पानें वांचतात. हा मोह आंकड्यांतून स्पष्ट ओळखूं येतो. पांचव्या वर्षीं जन्म एकाएकीं कमी होतात आणि सहाव्या वर्षीं तितकेच वाढतात.

तिसरी उणीव या दोहोंहून वेगळी आहे, आणि ती कोणाच्याच दोषानें उत्पन्न होत नाहीं. आईला विचारावयाचें तर आई हयात पाहिजे. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत एड्सच्या सांथींत आया गेल्या आणि त्यांच्यापासून रोग घेतलेलीं त्यांचीं बालकेंहि गेलीं. पाहणी करणारी बाई त्या दारीं पोंचली तेव्हां त्या बालकांविषयीं सांगणारें कोणी उरलें नव्हतें. त्यांचा हिशेब शेवटीं गणितानें घालावा लागला.

या सर्व पाहण्यांचें सार जेथें एकत्र होतें तें ठिकाण म्हणजे युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या विभाग यांनीं मिळून २००४ सालीं स्थापिलेला एक गट. तेथें एकेका देशाचा एकेक आलेख मांडलेला असतो. प्रत्येक पाहणी मागच्या वीसपंचवीस वर्षांची हकीकत सांगते, म्हणून १९९५ ची आणि २००५ ची अशा दोन्ही पाहण्या १९९० विषयीं बोलतात. सुदैवानें दोघींचें एकमत झालें तर ठीक. बहुधा होत नाहीं. एक रेषा वर, एक खालीं, तिसरी दोघींस मध्येंच छेदून जाते. मग कोणत्या पाहणीचा नमुना लहान होता, कोणती लढाईच्या दिवसांत झाली, कोणतींत देशाचे दोन प्रांत वगळले होते, हें पाहावयाचें. सूत्रानें त्यांमधून एक वक्र रेषा काढावयाची. आणि तिच्या दोन्ही बाजूंस ती कितपत चुकूं शकेल याच्या मर्यादा आंखावयाच्या. वर्तमानपत्रांत रेषा छापली जाते, मर्यादा छापल्या जात नाहींत.

पूर्वीं या रेषेकडे पंडितांवांचून कोणी पाहत नसे. तो प्रकार पालटला तो जेम्स ग्रँट यांच्या कारकीर्दींत. १९८० पासून १९९५ पर्यंत ते युनिसेफचे प्रमुख होते. दररोज ४०,००० मुलें मरतात, हा त्या वेळचा आंकडा त्यांनीं राष्ट्रप्रमुखांच्या कानीं इतक्या वेळां घातला कीं तो टाळणें त्यांस अवघड झालें. युनिसेफच्या वार्षिक अहवालांत सर्व देश पांच वर्षांखालील मृत्युप्रमाणाच्या क्रमानें छापले जाऊं लागले. आपला देश शेजाऱ्याच्या वर छापला गेला आहे हें पाहून मंत्री अस्वस्थ होऊं लागले, आणि त्या अस्वस्थतेंतून लसी आणि क्षारसंजीवनी खेड्यांपर्यंत पोंचण्यास मदतच झाली. हजार जन्मांमागें १९९० सालीं ९३ मुलें पांच वर्षांची होण्यापूर्वीं जात. २०२२ सालीं ३७.

परंतु ज्या आंकड्याला वजन येतें त्याच्यावर हात ठेवण्याची इच्छाहि होते. गट आपली अनुमानें प्रसिद्धीपूर्वीं त्या त्या सरकारकडे पाहण्यास धाडतो. बहुतेक तक्रारी प्रमाण फार दाखविलें अशा असतात. महाराष्ट्रांतील उदाहरण आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं ‘कोवळी पानगळ’ या अहवालांत, स्वयंसेवी संस्थांनीं घरोघर केलेल्या मोजणीवरून, सरकारी नोंदींत चढणारे बालमृत्यु प्रत्यक्षाच्या मानानें फारच थोडे आहेत असें दाखविलें. पुढें राज्य सरकारनें डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखालीं मूल्यमापन समिति नेमली, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

आंकडा कमी दाखविण्याचा मोह कोणालाहि समजतो. तो अधिक दाखविण्याचाहि मोह होऊं शकतो, आणि तो ओळखणें फार कठीण, कारण चांगली माणसें त्या बाजूस उभीं असतात. इराकची गोष्ट अशी आहे. ऑगस्ट १९९० मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें इराकवर आर्थिक निर्बंध घातले. १९९५ सालीं बगदादमध्यें झालेल्या एका पाहणीवरून पांच लक्षांहून अधिक मुलें त्यामुळें दगावलीं असें प्रसिद्ध झालें. त्याच संशोधकांपैकीं एका बाईंनीं पुढच्या वर्षीं त्यांतल्या कांहीं घरीं पुन्हां जाऊन चौकशी केली, तेव्हां पहिले जबाब दुसऱ्यांशीं जुळेनात. तें त्यांनीं १९९७ सालीं जाहीर केलें, पण तिकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. १९९९ सालीं युनिसेफनें मोठी पाहणी केली. मध्य व दक्षिण भागांत, म्हणजे सरकारच्या ताब्यांतील मुलखांत, ती इराकी सरकारच्या सहकार्यानें झाली. तेथलें प्रमाण हजारीं ५६ वरून १३१ वर गेल्याचें दिसलें. उत्तरेकडील स्वायत्त कुर्द भागांत तें ८० वरून ७२ वर उतरलें होतें. उत्तरेस आणि दक्षिणेस इतका फरक कां पडावा, हा प्रश्न त्या वेळीं विचारणारे थोडे होते. निर्बंधांनीं लोकांचे हाल झाले होते यांत संशय नाहीं, आणि ज्यांना ते हाल थांबवावयाचे होते त्यांच्या हातीं हा आंकडा आला.

२००३ मध्यें युद्ध होऊन ती राजवट गेली. त्यानंतर २००४, २००६ व २०११ सालीं तीन स्वतंत्र पाहण्या झाल्या. प्रत्येक पाहणी मागच्या वर्षांची हकीकत सांगते हें मी आधीं म्हटलें तें येथें उपयोगी पडलें. त्याच काळाविषयीं इराकी आयांना तीनदां विचारलें गेलें, आणि तिन्ही वेळां १९९० नंतरची ती मोठी वाढ कोठेंच दिसली नाहीं. टिम डायसन व व्हॅलेरिया चेटोरेल्ली यांनीं २०१७ सालीं हा सर्व इतिहास मांडून, १९९९ चीं उत्तरें त्या सरकारनें हेतुपुरस्सर बिघडविलीं असा निष्कर्ष काढला. दरम्यान टोनी ब्लेअर यांनीं २०१० सालीं युद्धचौकशीच्या आयोगापुढें तोच हजारीं १३० चा आंकडा पुढें केला, तोहि युद्ध योग्य होतें हें सांगण्यासाठीं. निर्बंध उठवा म्हणणाऱ्यांनीं जो आंकडा वापरला तोच स्वारीच्या समर्थनार्थ वापरला गेला. इराकी आयांनीं तो सांगितला असण्याचा संभव मात्र फार थोडा.

अशा प्रकारची शहानिशा करतां येते ती एका देशांत एकाहून अधिक पाहण्या झालेल्या असतात म्हणून. २०२५ च्या फेब्रुवारींत अमेरिकन सरकारनें आपल्या त्या लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचें साह्य बंद केलें. चाळीस वर्षांत ९० हून अधिक देशांत अशा ४०० हून अधिक पाहण्या झाल्या होत्या. पुढें एका खासगी प्रतिष्ठानाच्या देणगीनें कांहीं अर्धवट राहिलेल्या पाहण्या पुऱ्या करण्याची सोय झाली. आलेखाचें काम त्यामुळें अडून राहत नाहीं. जुनी रेषा पुढें वाढवून नव्या सालाचा आंकडा सूत्रानें काढतां येतो. परंतु वाढविलेली रेषा पूर्वींच्याच उतारानें खालीं जात राहते. एखाद्या जिल्ह्यांतला दवाखाना बंद पडला, लस आली नाहीं, हें तिला कळत नाहीं. दहा वर्षांनीं पाहण्या पुन्हां पूर्ववत् सुरू झाल्या, तर २०२५ सालीं गेलेल्या मुलांविषयीं तेव्हांहि विचारतां येईल. ज्या आया तोंवर हयात असतील त्यांना.