इंग्रजी नर्सरी की घरची शाळा?
(समता कॉलनी, रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंबीयांपुढे केलेले भाषण)



पगार, पेन्शन, रिक्त जागा या प्रश्नांवर आपण नेहमीच बोलतो. आज आपण घरातल्या तीन वर्षांच्या मुलाचा प्रश्न घेतला आहे. शाळा-प्रवेशाचे दिवस आले की आपल्या प्रत्येक घरात एकच वाद सुरू होतो. मुलाला इंग्रजी नर्सरीत घालायचे, की पहिलीपर्यंत घरीच मराठीतून शिकवायचे? हा वाद नवरा-बायकोत होतो, आजी-आजोबांत होतो, आणि शेवटी शेजारच्यांनी जे केले तेच आपण करतो. म्हणून याचा सर्वांनी मिळून विचार केला पाहिजे.

आपण रायपूरचे मराठी लोक इथे काही काल-परवा आलेलो नाही. भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणूस छत्तीसगडात आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या प्रांताची राजधानी होती. रेल्वे आणि पोस्टाच्या नोकऱ्यांनी आणखी कुटुंबे आणली. नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर या एकाच लायनीवर आपले सारे नातेगोते पसरले आहे. इथे मुलाला हिंदी आणि छत्तीसगढी अंगणात, बाजारात फुकट मिळते. इंग्रजी पुढे शाळा देईल. मराठीला मात्र घराशिवाय दुसरी जागा नाही. ती घरातून गेली तर रायपुरात ती मुलाला कोण देणार?

इंग्रजीची ओढ आपल्याला का आहे, हे समजून घेतले पाहिजे. साहेबाच्या केबिनमध्ये इंग्रजीत आलेली नोटीस वाचताना अडखळलेला कामगार म्हणतो, माझ्या पोरावर ही वेळ यायला नको. यात खोटा मोठेपणा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कर्नाटकच्या प्रकरणात निकाल दिला की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. तेव्हा निवड आपली आहे. ती डोळसपणे करू या.

तीन वर्षांचे मूल दिवसभर ‘का?’ विचारते. त्याची शिकण्याची हीच रीत. पाऊस का पडतो, गाडी का थांबली, आजी का झोपली? हे प्रश्न त्याला आईच्या भाषेतच सुचतात. त्याला अनोळखी भाषेच्या वर्गात बसवले की पहिली गोष्ट बंद होते ती हे विचारणे. तहान लागली, लघवीला जायचे आहे, एवढेही सांगता न येणारे मूल गप्प बसते. आणि आपण म्हणतो, पोर किती शिस्तीचे झाले! चार गाणी आणि ए-बी-सी-डी ते पाहुण्यांपुढे म्हणून दाखवते. त्यातल्या एका ओळीचाही अर्थ त्याला ठाऊक नसतो. पहिली भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधाराने चढते. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच शिक्षणाचे उत्तम माध्यम मातृभाषा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे.

मग घरीच शिकवावे का? इथेही प्रामाणिक राहू या. ‘घरी शिकवू’ याचा अर्थ बहुतेक घरांत ‘आई शिकवेल’ असा होतो. ती स्वतः पोस्टात काउंटरवर असेल तर? नवरा रनिंग स्टाफमध्ये असून रात्री-बेरात्री ड्युटीवर जात असेल तर? मग मूल टी.व्ही. आणि मोबाइलच्या हवाली होते. शिवाय मुलाला मूल लागते. एकटे वाढलेले पोर वाटून घेणे, भांडणे आणि पुन्हा जुळवून घेणे कुठे शिकणार?

या पेचातून वाट काढणारी माणसे आपल्याच भाषेत होऊन गेली. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत ते काम वाढले. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा बिया, शंख, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९७५ मध्ये देशव्यापी बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

अशी बालवाडी आपल्याला का जमू नये? दहा-बारा मुले, एक मोठी खोली, मानधनावर एक प्रशिक्षित ताई आणि पालकांची पाळी. साधने आपल्या कामातच आहेत. लायनीवरची स्टेशने क्रमाने म्हणणे हीच मोजणी. पिनकोडचे सहा अंक हाच खेळ. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पोस्टात आणली. नागपूर आणि रायपूर दोन्हींचा पहिला अंक ४ का, हे कोडे पोस्टमन बापाइतके छान कोण सांगेल?

ज्यांनी मुलाला इंग्रजी नर्सरीत घातले आहे, त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी एवढेच करावे: घरात मराठीच बोलावे, रोज रात्री एक गोष्ट सांगावी, मुलाला ‘से इट इन इंग्लिश’ म्हणून टोकू नये.

पण सारा भार पालकांवर टाकून संघटनेने मोकळे व्हायचे नाही. घटनेतील शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वयाला आहे. सहा वर्षांखालील मुलासाठी २००२ च्या दुरुस्तीने राज्याला फक्त ‘प्रयत्न’ करायला सांगितले. या फटीतच नर्सरीचा बाजार उभा राहिला. नर्सरी प्रवेशासाठी चिमुकल्यांच्या परीक्षा आणि मुलाखती बंद करा, असे यशपाल समितीने १९९३ मध्ये सांगितले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी चाचणी आणि डोनेशन घेण्यास मनाई केली. कोणी मागितले तर एकट्याने भांडू नका, शाखेकडे या.

मुलांच्या शिक्षणाचा भत्ता १ जानेवारी २०२४ पासून मुलामागे दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आहे, पण तो मान्यताप्राप्त शाळेच्या दाखल्यावर मिळतो. आपल्या सहकारी बालवाडीला तो लागू नाही. कंत्राटी कामगाराच्या पदरात तर काहीच पडत नाही. म्हणून आपल्या मागण्या अशा:

१) कामगार वसाहतींतील बालवाड्यांना मान्यता द्यावी व भत्ता लागू करावा.
२) वसाहतीतील रिकामी क्वार्टर्स बालवाडीसाठी द्यावीत.
३) पन्नास कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर, ही २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात आलेली तरतूद कागदावर राहू नये.
४) महिला कर्मचाऱ्यांची ७३० दिवसांची बालसंगोपन रजा अडवू नये.
५) कंत्राटी कामगारांच्या मुलांना बालवाडीत तोच प्रवेश मिळावा.

भाषेचा हक्क मागितला तर मिळतो. जुलै २०१९ मध्ये पोस्टाची भरती परीक्षा फक्त इंग्रजी-हिंदीत घेतली गेली. तमिळ खासदारांनी संसद दणाणून सोडली आणि ती परीक्षा रद्द करावी लागली. तिथे एका राज्याचे खासदार उभे राहिले. रायपूरच्या मराठी मुलामागे कोणी खासदार उभा राहणार नाही. त्याच्यामागे आपणच आहोत. येत्या रविवारी किती घरे मुले पाठवायला तयार आहेत, याची यादी करू या. दहा नावे झाली की खोली शोधायला निघू.