शिंगं रंगवली म्हणून नांगरट होत नाही

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या बचत गटातल्या बाया. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे कधीपासून आपलं काम झालं? विषय आहे पोरांचे कॉम्प्युटरवरचे खेळ. पण हा विषय आमच्याकडे कर्जाच्या अर्जातून आला, म्हणून तुमच्यापुढे मांडतोय.

झालं असं. गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, ७० हजार रुपये. कारण लिहिलं होतं, मुलाच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर. त्याच बैठकीत आणखी दोन अर्ज होते. एकीला शेळ्या घ्यायच्या होत्या, दुसरीला शिलाई मशीनला मोटर बसवायची होती. शिल्लक होती ८२ हजार. म्हणजे एका घरात ७० गेले की शेळ्यांचं काम अडलंच. आम्ही विचारलं, "ताई, कॉम्प्युटर तर आहे ना घरात?" त्या खाली बघत म्हणाल्या, "आहे. पण त्यात ग्राफिक्स कार्ड नाही. पोरगं दोन महिने झाले धड बोलत नाही माझ्याशी."

हे कार्ड काय असतं, आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. माहिती नसताना हो म्हणणं चूक, तसं नाही म्हणणंही चूकच. म्हणून पोरालाच बैठकीला बोलावलं. बारावीतलं पोर, लाजत आलं, पण समजावलं छान.

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. खेळ सुरळीत दिसायचा तर असं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढावं लागतं. ते काम करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. फोर-के पडद्यावर ठिपके चौपट, म्हणजे कामही जवळजवळ चौपट. आणि विजेचं म्हणाल तर एनव्हिडियाचं ४०९० नावाचं कार्ड एकटं ४५० वॅटपर्यंत वीज ओढतं. छताचे साधे सहा पंखे फिरतील एवढी!

मग त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक माणूस खेळातून नुसता चालतोय आणि कोपऱ्यात आकडे पळतायत. आमच्यातल्या एका वयस्कर मावशींनी विचारलं, "बाळा, यात खेळ कुठाय?"

"मावशी, ही टेस्ट आहे. कोणतं कार्ड किती चित्रं काढतं ते बघायचं."

"मग तू खेळतोस कधी?"

पोर गप्प झालं. मग खरं बोललं. रोज दोन-दोन तास तो कार्डांचे व्हिडिओच बघत होता. खेळणं राहूनच गेलं होतं.

त्याची धाकटी बहीण आईला चिकटून बसली होती. ती म्हणाली, "मी खेळते की त्याच कॉम्प्युटरवर. शेतीचा खेळ." त्या खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन नावाच्या एका माणसानं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं बसून तो बनवला आणि २०१६ साली बाजारात आणला. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं त्याचंच. चित्रं ठोकळ्याठोकळ्यांची, दोसुतीवरच्या टाक्यांसारखी. त्याला २ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटरही पुरतो. आणि जगभरात त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्यात!

तिनं खेळ दाखवला आणि बाया पुढे सरकल्या. बी घ्यायचं, रोज पाणी घालायचं, हंगाम बदलला की उभं पीक मरतं. रात्री फार जागलं तर माणूस चक्कर येऊन पडतं. "आता बी टाकू नको गं, हंगामाला चारच दिवस उरलेत," असं मावशीच ओरडून सांगायला लागल्या. चित्राकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

पोराला शहाणपण सांगायच्या आधी आम्ही आमचीच गोष्ट सांगितली. आमच्या शेंगदाणा चटणीला आम्ही एकदा चकाकतं, रंगीत छापलेलं पाकीट केलं. पाकिटाचा खर्च वाढला म्हणून शेंगदाणे हलके घेतले. पहिली खेप पाकीट बघून हातोहात गेली. दुसऱ्या खेपेला तीच गिऱ्हाइकं म्हणाली, "पाकीट चांगलंय हो, पण चटणीला खवट वास येतो." वर्षभर गल्ल्यात भर पडली नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावीत, झूल घालावी, त्यात आनंद आहे. पण नांगरट शिंगांनी होत नाही.

मोठमोठ्या कंपन्याही यात फसतात. पोलंडच्या कंपनीचा सायबरपंक २०७७ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला. देखणा म्हणून भलता गाजावाजा. पण त्यात इतके दोष निघाले, की सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि लोकांचे पैसे परत दिले. पुढे कंपनीनं तो दुरुस्त केला, पण आधी नाचक्की झालीच.

म्हणून दिसणं वाईट असं नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी नावाचा खेळ आणला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट. चित्रं सुंदर आहेत, त्यात राजस्थानी वाडे आहेत, पहाडी चित्रांची छाप आहे. पण ते सौंदर्य चित्रकाराच्या नजरेतून आलंय आणि गोष्टीच्या कामी येतं.

आता निर्णय. जुन्या कॉम्प्युटरला रॅम वाढवायला आणि एसएसडी बसवायला गटानं साडेपाच हजार दिले. अभ्यासाला तेवढ्यानं भागतं. शेळ्या आल्या, मोटरही बसली. पोर खूश झालं असं नाही सांगणार आम्ही. आठ दिवस फुगून होतं. आता सुट्टीत काम करून स्वतः कार्ड घेणार म्हणतं. घेऊ दे. स्वतःच्या घामाचे पैसे मोजताना माणूस नीट बघतो. आईशी मात्र बोलायला लागलंय.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा हट्ट आला तर रागावू नका. तीन प्रश्न विचारा. पहिला, खेळायचाय कोणता खेळ? प्रत्येक खेळाच्या माहितीत 'मिनिमम' म्हणून कमीत कमी काय लागतं ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर १४ दिवसांत परत करता येतो. म्हणजे आधी जुन्या कॉम्प्युटरवरच चालवून बघा. दुसरा, पडदा किती हर्ट्झचा? ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६०च चित्रं दाखवतो. कार्डानं २०० काढली तरी ती डोळ्यापर्यंत पोचत नाहीत. तिसरा, वीजबिल कोण भरणार?

आणि एक काम करा. पोराशेजारी बसून एकदा तो खेळ बघा. आमच्या मावशी आता दर बैठकीला त्या पोरीला विचारतात, "काय गं, यंदा काय पेरलंस?"